त्रिकोणात अडकलेली सममिती

उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, पायॉन हा कण फार काळ टिकत नाही. जन्मल्यावर सरासरी ८.४ × १०⁻¹⁷ सेकंदांत तो फुटतो आणि बहुतेक वेळा त्याचे दोन फोटॉन होतात. भौतिकशास्त्रज्ञ जॅक स्टाइनबर्गर यांनी १९४९ मध्ये याचं गणित केलं. पायॉनपासून प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनची जोडी, तिच्यातून दोन फोटॉन. आकृती काढली की त्रिकोण दिसतो. उत्तर बरोबर आलं.

पंचाईत झाली ती १९६७ मध्ये. सदरलंड आणि वेल्टमन यांनी दाखवलं की कायरल सममिती (डाव्या आणि उजव्या फिरकीचे कण स्वतंत्रपणे बदलले तरी नियम तेच राहतात, हे तत्त्व) मानली तर हा क्षय जवळजवळ होताच कामा नये. पायॉन मात्र फुटतच होते!

१९६९ मध्ये प्रिन्स्टनचे स्टीफन अॅडलर आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत काम करणारे जॉन बेल व रोमन जॅकिव यांनी नेमकं दुखणं त्रिकोणातच शोधलं. त्या आकृतीतलं संकलन (इंटिग्रल) हाताळताना विद्युतभाराची अक्षय्यता तरी राखता येते, नाहीतर कायरल सममितीशी जोडलेल्या प्रवाहाची. दोन्ही एकदम नाही. भाराला हात लावायची सोय नाही, म्हणून कायरल सममितीचा बळी जातो. अभिजात (पुंजपरिणाम न धरणाऱ्या) सिद्धांतातली सममिती पुंजसिद्धांतात अशी मोडते, तिला विसंगती म्हणतात. नाव जरा बदनामीचंच, कारण गणितात चूक कुठेच नसते.

गंमत पुढे आहे. प्रोटॉनऐवजी त्याच्या आतले अप आणि डाऊन क्वार्क घेतले तर भारांच्या वर्गांचा फरक ४/९ − १/९ म्हणजे १/३ येतो आणि क्षयाचा वेग, जो या आकड्याच्या वर्गावर ठरतो, नऊपट कमी पडतो. प्रत्येक क्वार्कचे तीन ‘रंग’ (क्वार्कचे तीन प्रकारचे भार, खरे रंग नव्हेत) धरले की बेरीज पुन्हा १, म्हणजे प्रोटॉनइतकीच. स्टाइनबर्गर यांचं उत्तर चुकीचा कण घेऊनही का जमलं, ते इथे कळतं.

पण ज्या गेज सममितीवर (बलांचे नियम ठरवणाऱ्या सममितीवर) सिद्धांत उभा आहे तिलाच विसंगतीने गाठलं तर संभाव्यतांचा हिशोबच कोसळतो. विद्युत-दुर्बल सिद्धांत यातून कसा वाचतो, हे १९७२ मध्ये बूशिया, इलिओपूलोस आणि मेयर यांनी सांगितलं: क्वार्कांची विसंगती लेप्टॉनांच्या (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनोसारख्या कणांच्या) विसंगतीने कटते. एका पिढीचे, म्हणजे दोन क्वार्क आणि दोन लेप्टॉन यांच्या एका संचाचे, भार मांडा. तीन रंगांचे मिळून ३ × (२/३ − १/३) = १, इलेक्ट्रॉनचा −१, न्यूट्रिनोचा शून्य; बेरीज शून्य, म्हणून विसंगती कटते. म्हणून १९७५ मध्ये टाऊ लेप्टॉन सापडल्यावर त्याच्या जोडीचे दोन क्वार्कही हवेच होते. बॉटम १९७७ मध्ये मिळाला. टॉपसाठी मात्र अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेला १९९५ पर्यंत खपावं लागलं.