पार्श्वभूमी : कोळशातला चेहरा आणि फोटोचा वाद

हौशी चित्रकारांच्या स्पर्धेत पेन्सिल-चारकोल व्यक्तिचित्रांचा विभाग असला की नियमावलीतल्या एका ओळीवरून हमखास वाजतं. चित्र समोर बसलेल्या माणसावरूनच केलेलं हवं, की फोटोवरून केलेलंही चालेल? कुणी फोटोला साफ मनाई करतं, कुणी ‘फोटो स्वतः काढलेला असावा’ एवढंच म्हणतं, आणि बरेच जण ती ओळच गाळतात. चर्चेचा सूर मात्र बहुतेक वेळा एकच असतो : पूर्वी सगळे समोर माणूस बसवून काढायचे आणि मोबाइल आल्यापासून सगळं बिघडलं. निदान मुंबईपुरता तरी हा क्रम उलटा आहे.

मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टनच्या शिक्षणसंस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. शहरातल्या कलाशाळेचा पहिला ड्रॉइंगचा वर्ग भरला तो १८५७ मध्ये, आणि त्याच संस्थेत. म्हणजे युरोपीय पद्धतीनं छायाप्रकाशात चेहरा काढायला मुंबईकर शिकू लागले, तेव्हा कॅमेरा आधीच येऊन बसला होता. कलाशाळेचा रस्ता लांबचा होता : आधी प्लास्टरचे पुतळे, मग हेड स्टडी, म्हणजे समोरच्या माणसाच्या डोक्या-चेहऱ्याचा अभ्यास. नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग तर १९१९ नंतरचा, आणि त्यावरही वादंग झालेच. हौशी मंडळींचा संबंध आला तो १८८८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कलासंस्थेमुळे. तिच्या प्रदर्शनांत सुरुवातीला युरोपीय हौशी चित्रकारांचाच भरणा होता. पुढे त्याच भिंतींवर इथल्या चित्रकारांची व्यक्तिचित्रं लागली आणि बक्षिसंही घेऊ लागली. हा सगळा काळ अनेकांनी लिहून ठेवलेला आहे.

लिहिलं गेलं नाही ते फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीबद्दल, आणि आजच्या हौशी चित्रकाराचं खरं आजोळ तिथं आहे असं मला वाटतं. काचेच्या निगेटिव्हवर रिटचिंग, म्हणजे चेहऱ्यावरचे दोष हातानं झाकण्याचं काम, करणारा माणूस सुईसारखं टोक केलेली कडक पेन्सिल वापरायचा. निगेटिव्हवर जिथं शिसं लागेल तिथून प्रकाश कमी जातो, आणि छापलेल्या फोटोत ती जागा उजळ होते. म्हणजे त्याची पेन्सिल सुरकुत्या पुसायचं काम करायची. त्यापलीकडे एन्लार्जमेंटचं काम असे. लहान फोटो मोठा केला की फिका पडायचा. मग त्यावर काळी पूड, क्रेयॉन, पेन्सिल वापरून डोळे, मिश्या, पागोट्याच्या घड्या पुन्हा उभ्या करायच्या. जुन्या घरांच्या माजघरात लागलेल्या पणजोबांच्या तसबिरी निरखून पाहिल्या, तर कित्येकदा अर्धा फोटो आणि अर्धं हातचं काम असं दिसतं. खाली सही असलीच तर स्टुडिओची. गिऱ्हाईक दोनच गोष्टी बघायचं : माणूस ओळखू येतो का, आणि चेहऱ्यावर एकही डाग नाही ना.

ही कसोटी आजही जिवंत आहे. हौशी चित्रकाराचं कौतुक करताना ‘अगदी फोटोसारखं’ हा शब्दप्रयोग सर्वांत आधी तोंडात येतो, आणि तो कलाशाळेतून आलेला नाही.

दुसरी परंपरा झटपट स्केचची, आणि तिच्यासाठी साठ ते नव्वद ही दशकं महत्त्वाची. कलाशाळांतली मुलं, एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका करणारे भावी ड्रॉइंग मास्तर आणि त्यांच्या मागोमाग बँकेत किंवा टपाल खात्यात नोकरी करणारे हौशी, सगळे वह्या घेऊन स्टेशनांवर जायचे. व्ही.टी.च्या फलाटावर झोपलेले हमाल, एस.टी. स्टँडवर पोतं टेकून बसलेल्या बाया, लोकलमध्ये डुलकी घेणारे प्रवासी : ही सगळी फुकटची मॉडेल्स होती, आणि त्यांतलं कुणीही स्थिर राहण्याचं वचन देत नव्हतं. झोपलेला माणूसच काय तो दहा मिनिटं मिळे. त्यामुळे काय सोडायचं हे हाताला आधी शिकावं लागे. मानेचा कल, खांद्याचा उतार, जबड्याखालची एक गडद रेघ, आणि गाडी आली की पान उलटायचं.

त्याच काळात जाहीर प्रात्यक्षिकांची पद्धत रुळली. नामवंत व्यक्तिचित्रकार मंचावर ईझल लावून दीड-दोन तासांत समोरच्या माणसाचं चित्र पुरं करायचा आणि शे-दीडशे माणसं ते श्वास रोखून पाहायची. मॉडेल वीस-पंचवीस मिनिटं बसे, मग पाच मिनिटं सुट्टी. पहिल्या बैठकीत आलेला तरतरीतपणा तिसऱ्या बैठकीत उतरलेला असे, ओठांचे कोपरे खाली आलेले असत. यातला कोणता चेहरा ठेवायचा हे चित्रकाराला ठरवावं लागे. भाव म्हणतात तो या निवडीतून येतो, म्हणून प्रात्यक्षिक पाहण्याला इतकी किंमत होती. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेचं सर्वोच्च पारितोषिक मुंबईच्या एका चित्रकाराला मिळालं, तेव्हा या प्रात्यक्षिकांवर वाढलेल्या हौशींना झालेला आनंद घरच्यासारखा होता.

चारकोलची ओढ याच मंडळींत वाढली. कारण साधं आहे. विलोच्या काडीचा कोळसा कागदावर नुसता टेकलेला असतो, फडकं मारलं की निम्मा उडतो. त्यामुळे चुकायला भीती वाटत नाही. सगळा कागद मधल्या राखाडी छटेत घासून घ्यायचा, नीडेबल रबरानं, म्हणजे कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबरानं, कपाळ, नाकाची दांडी, खालचा ओठ उचलून काढायचे आणि शेवटी कॉम्प्रेस्ड चारकोलनं दोन-चार ठिकाणी पक्का काळा द्यायचा. जुने शिक्षक रबराऐवजी पावाचा मऊ गर वापरायला सांगत. पेन्सिलीत हे जमत नाही. ६बी, ८बी अशी मऊ पेन्सिल कितीही दाबली तरी शिसं चमकू लागतं आणि काळोख येत नाही. शिवाय खाली पेन्सिलीचं गुळगुळीत काम झालेलं असेल तर वर कोळसा धरत नाही, आणि दोन्ही माध्यमं एकत्र वापरणारे बहुतेक जण पहिल्यांदा इथंच अडखळतात. बोटानं घासलं तर त्वचेचा तेलकटपणा कागदात उतरतो आणि तेवढाच डाग वेगळा दिसतो, म्हणून घासायला कागदाची घट्ट गुंडाळी, म्हणजे स्टम्प. कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, म्हणजे फिक्सेटिव्ह, मारलं की नाजूक छटा थोड्या बदलतात, न मारलं तर पुसट होतात. आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात काचेमागचा कागदही बुरशी धरतो.

आता मूळ वादाकडे. फोटोला मनाई करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. हातभर अंतरावरून मोबाइलनं काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे जातात. फ्लॅशनं गालाची गोलाई सपाट होते. अलीकडचे फोन तर सावल्या आपोआप उजळ करतात आणि त्वचा गुळगुळीत करून देतात. चित्रकार ते इमानानं उतरवतो, म्हणजे यंत्रानं आधीच ठरवलेला चेहरा कागदावर येतो. पण मनाई करून साधतं काय? पूर्ण झालेल्या चित्रावरून ते कशावरून काढलं हे परीक्षकाला खात्रीनं सांगता येत नाही. खोटं सांगणारा सुटतो आणि प्रामाणिक माणूस बाद होतो. शिवाय नोकरी करून रात्री दहानंतर टेबलाशी बसणाऱ्या बाईनं मॉडेल कुठून आणायचं? गेलेल्या वडिलांचं चित्र काढू पाहणाऱ्या मुलाला तर फोटोशिवाय मार्गच नाही. हौशी माणसाला चेहरा काढावासा वाटण्यामागे असं कारण फार वेळा असतं, आणि स्पर्धेच्या नियमानं त्याला दुय्यम ठरवणं मला मान्य नाही.

खरी अडचण एकाच फोटोची आहे. चौकटी आखून किंवा लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवून तो तसाच्या तसा उतरवला की निवड करायला काही उरतच नाही. एकाच माणसाचे तीन-चार कोनांतले फोटो, खिडकीच्या उजेडातले, आणि त्याच्याशी बोलताना केलेली दोन मिनिटांची रेखाटनं एवढं जवळ असेल, तर फोटोवरचं कामही मोकळं होतं. नियम करायचा असेल तर तो यासाठी करावा.

शाळेतलं शिक्षण इथं मदतीला येत नाही, याचाही विचार हवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना राज्यभरातून मुलं बसतात, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. पण पेपर असतात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांचे. स्मरणचित्रात बाजार असतो, पाणवठा असतो, माणसंही असतात, मात्र जवळून पाहिलेला चेहरा कुठंच नसतो. त्यामुळे ए श्रेणी घेतलेली व्यक्ती चाळिशीत पुन्हा पेन्सिल उचलते, तेव्हा चेहऱ्याच्या बाबतीत ती पहिलीतच असते. हाताशी फोन असतो, आणि फोटो चौकटीत उतरवणं हीच तिला ठाऊक असलेली एकमेव पद्धत असते.

गेल्या पंधरा वर्षांत याला बाजारानं बळ दिलं. ‘फोटोवरून स्केच करून मिळेल’ हा घरगुती उद्योग झाला. वाढदिवस, साखरपुडा, निवृत्ती, सगळीकडे ए-फोर आकाराची फ्रेम जाऊ लागली. सोबत फोटोहूनही बारीक तपशील दाखवणाऱ्या चित्रणाची (हायपररिअलिझमची) लाट आली : एकेक रंध्र, पापणीवरचा थेंब, शंभर-दीडशे तासांचं काम. चिकाटी वाखाणण्याजोगी, पण स्टुडिओतल्या रिटचिंगवाल्याची कसोटीच त्यात शिगेला पोहोचली होती. २०१६ च्या सुमारास फोटोचं काही सेकंदांत चित्र करून देणारी मोबाइल अ‍ॅप्स घरोघरी आली आणि पुढे चित्र बनवणारे प्रोग्रॅमही आले. ऑर्डरवर काम करणाऱ्यांना त्याची झळ बसली. २०२० च्या टाळेबंदीत उलटं घडलं : अनेकांनी घरच्याच माणसांना समोर बसवलं, किंवा व्हिडिओ कॉलवर एकमेकांची स्केचेस केली. हलणाऱ्या, बोलणाऱ्या, मध्येच अडकणाऱ्या चेहऱ्यावरून.

त्यानंतर रविवारी सकाळी बागेत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या गटांत तरुण चेहरे वाढले आहेत. मॉडेलचं मानधन वर्गणीतून दिलं जातं. काही ठिकाणी मॉडेल बसलेलं असताना फोन खिशात आणि सुट्टीच्या पाच मिनिटांत हवा तर फोटो, असा तोडगा निघाला आहे. काही स्पर्धांनी मनाईची ओळ काढून टाकून चित्राबरोबर कच्ची रेखाटनं आणि संदर्भाचा फोटोही मागायला सुरुवात केली आहे. परीक्षक दोन्ही शेजारी ठेवून पाहतात, आणि चित्रकारानं काय सोडलं, काय ठेवलं, यावर गुण देतात.