पोळी-भाजी केंद्र (ठाणे व नवी मुंबई)

पोळी-भाजी केंद्र : घडीच्या पोळ्या, भाजी, उसळ, आमटी-भात असे रोजचे घरगुती जेवण रांधून ते बांधून देणारे लहान दुकान. बसायची सोय बहुधा नसते. असलीच तर भिंतीला ठोकलेली एक फळी. खानावळीत गिऱ्हाईक ताटावर बसते, केंद्रात ते पिशवी घेऊन उभे राहते. नाव जोडीचे असले तरी धंदा चालतो पोळीवर. भाजी घरी कढईत टाकता येते, डाळ-भाताला कुकर आहे. पण लोकलमधून उभ्याने आल्यावर कणीक भिजवून दहा पोळ्या लाटायच्या म्हटले की अंगावर येते. ठाण्यातली केंद्रे या कंटाळ्यावर उभी आहेत.

धंद्याचा एक पूर्वज म्हणजे मुंबईच्या गिरणगावातली घरगुती खानावळ. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बायका वाणसामानासाठी सावकाराकडून पैसे उचलत आणि व्याजात अडकत. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. मंडळाचे काम पुढे वाशीतही आले. ठाण्यातले गिऱ्हाईक मात्र निराळे. नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणारे घर, आणि मुले परदेशी असलेले म्हातारे जोडपे, ज्यांना दोन वेळच्या मिळून सहाच पोळ्या लागतात. नौपाडा, गोखले रोड, चरई, घंटाळी या जुन्या भागांत हे गिऱ्हाईक स्टेशनपासून चालत येते. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत ते फोन करते.

केंद्राचा खरा दिवस संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ एवढाच. गल्ल्याशेजारी दोऱ्याने पेन बांधलेली वही असते. तिच्यात नावे कमी, घरांचे नंबर जास्त : ‘बी-३०४, आठ, बिनतेलाच्या’, ‘वरचे काका, तीन, मऊ’. पोळ्या दहा-दहाच्या चळतीने सुती पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवतात. गरम पोळी तशीच पिशवीत घातली तर वाफेने खालच्या दोन ओल्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक त्या दोनच पोळ्यांबद्दल बोलते. म्हणून तव्यावरून उतरलेली पोळी आधी जाळीवर पसरून वाफ जाऊ द्यायची, मग चळत लावायची. नवे केंद्र या गोष्टीवर हमखास मार खाते. पहिल्या आठवड्यात सगळे लक्ष फळ्यावरच्या भाज्यांकडे असते : भरली वांगी, मटकीची उसळ, ताकातला पालक, अळूचे फदफदे. पाच भाज्या करून दोन उरतात आणि पोळ्या साडेसातलाच संपतात.

एक किलो कणकेत घडीच्या पोळ्या साधारण तीस ते पस्तीस होतात. रोज तीनशे पोळ्यांसाठी नऊ-दहा किलो पीठ, म्हणजे दळण गिरणीत रोज किंवा दिवसाआड. गहू सिहोर घ्यायचा की लोकवन, यावर प्रत्येक चालकाचे ठाम मत असते. पोळी दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहते का, ही त्यावरची परीक्षा. कणीक मळायला यंत्र चालते. लाटायलाही यंत्रे निघाली आहेत, पण त्यांतून निघते ती चपाती. तेल लावून, पीठ भुरभुरून घडी घातलेली, तव्यावर पापुद्रा सुटणारी पोळी अजून हातानेच होते. त्यामुळे या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या दोन बाया. काही ठिकाणी त्यांना पगार असतो, काही ठिकाणी नगावर पैसे. नगावर दिले की पोळ्या भराभर होतात आणि हळूहळू जाडही होऊ लागतात, म्हणून जाणते चालक पगार देतात आणि वर दिवाळीला साडी. लाटणारी बाई गावी गेली की केंद्राच्या दारावर ‘आज पोळी नाही’ अशी पाटी लागते. भाजीवाचून असे कधी होत नाही. स्वतःला तीन तास ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटता येत नसतील, तर गाळा घेण्याआधी बाई शोधावी. उलट क्रमाने निघालेली बरीच केंद्रे पहिल्या गणपतीपर्यंतही टिकत नाहीत.

गाळ्याचा खर्च सगळ्यांत जड. अनामत, अकरा महिन्यांचा भाडेकरार, सोसायटीचा ना हरकत दाखला आणि धूर बाहेर काढण्याची व्यवस्था, असे ते गणित आहे. वरच्या मजल्यावर फोडणीचा वास जातो ही तक्रार पहिल्या महिन्यातच येते. त्यामुळे अनेक जणी सुरुवात घरच्या स्वयंपाकघरातून करतात. धंद्यासाठी गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा लागतो, घरचे १४.२ किलोचे सिलिंडर धंद्याला वापरणे नियमबाह्य आहे. भाजी घाऊक घ्यायची तर वाशीचा बाजार समितीचा बाजार आहे, पण रोज दहा-पंधरा किलोच लागणाऱ्याला तिकडची पहाट परवडत नाही. त्याला जांभळी नाका बरा.

कागदपत्रे लोक समजतात तेवढी अवघड नाहीत. खाद्यपदार्थ विकायचा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. त्याखालच्या २०११ च्या मूळ नियमांनी १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला वर्षाला १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली होती, त्याहून जास्त उलाढालीला परवाना. पोळी दहा रुपये धरली तर रोजच्या तीनशे पोळ्या आणि थोडी भाजी एवढ्यावरच हा आकडा ओलांडला जाई. चालकाला ते वर्षअखेरीस हिशेब करताना कळे. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी केली. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली लहान धंद्यांची ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तरी ती ‘करून देण्याचे’ पैसे घेणारे झेरॉक्सच्या दुकानांत बसलेले असतात. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी २० लाखांच्या आत लागत नाही, म्हणजे रोजचा गल्ला साधारण साडेपाच हजार होईपर्यंत. पूर्वी पोळीवर ५ टक्के आणि वेष्टनबंद पराठ्यावर १८ टक्के असा कर होता. एका कणकेच्या दोन गोळ्यांतला हा भेद २२ सप्टेंबर २०२५ पासून मिटला आणि दोन्ही शून्यावर आले. बांधून द्यायच्या पिशव्यांचे दुखणे मात्र राहिले. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हापासून रश्शाची भाजी कशात द्यायची हा प्रश्न आहे. डबा घेऊन येणाऱ्याला काही केंद्रे रुपया-दोन रुपये कमी लावतात.

भांडवल बहुधा घरातूनच येते : मोडलेली मुदत ठेव, बचत गटाची उचल, क्वचित गहाण ठेवलेली पाटली. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. परात, तवे, शेगडी आणि कणकेच्या यंत्राला पहिला गट कसाबसा पुरतो, गाळ्याच्या अनामतीला नाही.

नवी मुंबईत हाच धंदा वेगळे रूप घेतो. सिडकोने सेक्टर आखताना इमारतींखाली दुकाने ठेवली, म्हणून जागा शोधणे त्यामानाने सोपे. पण गिऱ्हाईक देशभरचे आहे. ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांतून सुटणाऱ्या मुलांना घडीची पोळी म्हणजे काय हे सांगावे लागते. ती फुलके मागतात आणि महिन्याचा डबा लावतात. मासिक डब्यामुळे रोजचा आकडा आधी कळतो, मात्र शनिवार-रविवार रिकामे जातात. ऐरोली, घणसोलीच्या मूळ गावठाणांत आगरी बायकांची तांदळाची भाकरी हा तिसरा प्रकार. पातळ, पांढरी, मासळीच्या कालवणाबरोबर खपणारी. तिला पोळी-भाजी केंद्राची पाटी लागत नाही.

सण हा या धंद्याचा दुसरा गल्ला. संक्रांतीला गूळपोळी, होळीला पुरणपोळी, गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक, दिवाळीला फराळ. मोदकांची मागणी आठ दिवस आधी घेऊन अर्धे पैसे हातात ठेवायची पद्धत आहे, कारण त्या सकाळी नारळ महाग आणि हात कमी. श्रावणात कांदा-लसूण नसलेली भाजी वेगळ्या पातेल्यात होते आणि फळ्यावर तसे मोठ्या अक्षरांत लिहिले जाते.

रात्री उरलेल्या पोळ्या टाकत नाहीत. सकाळी त्या कुस्करून कांदा, शेंगदाणे आणि कढीपत्त्याच्या फोडणीवर परततात, वर लिंबू पिळतात. फळ्यावर ती ‘फोडणीची पोळी’ म्हणून सर्वांत वर लिहिलेली असते, आणि साडेनऊनंतर मागितली तर मिळत नाही.