डॉल्फिनचे डोळे नव्हे, कपाळ पाहा

तारकर्लीला किंवा दापोलीजवळच्या मुरूडला ‘डॉल्फिन हमखास दाखवू’ असे सांगून पर्यटकांना होडीत बसवले जाते, आणि लाटांतून करडी पाठ वर आली की ‘केवढा मोठा मासा!’ असा गलका उठतो. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, हा शाळेतला धडा त्या गडबडीत विसरला गेला तर एक वेळ समजू शकते; पण सारे जण त्याच्या उडीची वाट पाहत असताना त्याच्या कपाळात जे चाललेले असते, त्याची दखल कोणीच घेत नाही.

आपल्या किनाऱ्यालगत प्रामुख्याने दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात राहतो. हे पाणी बरेचदा इतके गढूळ असते की तिथे डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. म्हणून तो ध्वनीने पाहतो. डोक्यावरच्या नाकपुडीखाली, श्वासमार्गात, ओठांसारख्या घड्या असतात; त्यांतून हवा दाबून नेली की टकटक असे सूक्ष्म ध्वनी निर्माण होतात, आणि ती हवा बाहेर न सोडता तो पुन्हा वापरतो. कपाळातला चरबीचा गोळा भिंगाप्रमाणे हा ध्वनी एकवटून पुढे फेकतो, तर प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून कानापर्यंत पोचतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने ७५ मीटरवरच्या माशाची वार्ता सेकंदाच्या दहाव्या भागात परत येते. या ध्वनीची वारंवारता एक लाख हर्ट्‌झच्या घरात असते, म्हणजे तरंगलांबी अवघी दीड सेंटिमीटर; तरंगलांबी मोठी असती, तर लहान मासे त्याच्या ‘नजरेतून’ निसटले असते. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखेच असल्यामुळे प्रतिध्वनीचा मोठा वाटा त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून येतो. १९६०च्या सुमारास अमेरिकेतील सागरी जीवशास्त्रज्ञ केनेथ नॉरिस यांनी एका डॉल्फिनचे डोळे रबरी झाकणांनी झाकले, तरीही तो अडथळे चुकवत पोहत राहिला.

त्याचे ‘हसणे’ मात्र केवळ जबड्याची ठेवण आहे; मेलेला डॉल्फिनही तसाच हसतो. त्याच्या सहवासाने आजार बरे होतात, या जाहिरातींनाही भक्कम पुरावा नाही.

होडीचा पंखा वेगाने फिरतो तेव्हा पात्यांमागे दाब घटून वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. त्यांचा कडकडाट अनेक वारंवारतांवर पसरतो व मंद प्रतिध्वनी त्यात बुडून जातात. चार होड्यांनी एका कळपाचा पाठलाग केला, तर पाण्याखाली काय होत असेल याची कल्पना करावी. नावाड्याने अंतर राखून इंजिन बंद केले, तरी ती टकटक आपल्याला ऐकू येणार नाही, कारण आपला कान वीस हजार हर्ट्‌झच्या पुढे बहिरा असतो. परंतु वर आलेल्या डॉल्फिनने श्वास सोडताना होणारा ‘फुस्स’ असा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येईल.