बायतुर्सिनुली कोण आणि दुलातुली कोण?

कझाकस्तानच्या इतिहासात ही दोन नावं नेहमी जोडीनं येतात, त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर सहज जमा होतं. गोंधळ व्हावा असंच आहे म्हणा. अख्मेत बायतुर्सिनुली (जन्म १८७२) आणि मिर्झाकिप दुलातुली (जन्म १८८५), दोघेही तोर्गायच्या गवताळ मुलखातले, दोघेही शाळामास्तर. दोघांचं पहिलं पुस्तक १९०९ सालचं, आणि १९१३ पासून रशियातल्या ओरेनबुर्गला ‘कझाक’ हे वृत्तपत्रही दोघांनी मिळून चालवलं. रशियन आडनावांच्या धर्तीवर त्यांना बायतुर्सिनोव आणि दुलातोव असंही लिहितात.

फरक कळायला ती १९०९ ची पुस्तकंच पाहावीत. दुलातुलींनी ‘ओयान, कझाक!’ मध्ये आपल्या लोकांना ‘जागे व्हा’ म्हणून थेट हाक दिली. झारच्या सरकारनं पुस्तक जप्त केलं आणि १९११ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. मनाविरुद्ध लग्न लावून दिलेल्या जमालची कहाणी सांगणारी पहिली कझाक कादंबरीही (१९१०) त्यांचीच. बायतुर्सिनुलींनी मात्र रशियन कवी क्रिलोवच्या प्राणिकथा कझाक पद्यात आणल्या. ते कार्कारालीला शिकवत होते, तिथेच १९०९ मध्ये त्यांना पकडलं आणि पुढच्या वर्षी कझाक मुलखातून हद्दपार केलं. म्हणून ते ओरेनबुर्गला आले.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम तिथेच झालं. कझाक तेव्हा अरबी लिपीत लिहीत, पण तिच्यात कझाक स्वर नीट बसत नसत. या भाषेत एका शब्दातले स्वर बहुधा एकाच जातीचे असतात, सगळे जाड (जीभ मागे ओढून उच्चारलेले) नाहीतर सगळे बारीक (जीभ पुढे आणून उच्चारलेले). बायतुर्सिनुलींनी हे हेरलं. प्रत्येक स्वराला दोन अक्षरं देण्याऐवजी त्यांनी शब्दाच्या सुरुवातीला एक छोटी खूण ठेवली. ती दिसली की अख्खा शब्द बारीक स्वरांत वाचायचा. अक्षरं कमी झाली, पोरांना वाचायला सोपं झालं. पाठोपाठ बालपोथी आणि व्याकरणाची पुस्तकंही त्यांनी लिहिली. अशा कामाची वाहवा कमी होते, पण प्रत्येक शाळेला ते लागतंच.

सोविएत काळात १९२० मध्ये बायतुर्सिनुली शिक्षण खात्याचे प्रमुख झाले, तरी सुटका नव्हतीच. दुलातुलींना १९२८ च्या अखेरीस अटक झाली आणि १९३५ मध्ये कारेलियातल्या छावणीत ते वारले. बायतुर्सिनुलींना १९२९ मध्ये पकडून उत्तरेला अर्खांगेल्स्कला धाडलं, १९३४ मध्ये सोडलं, १९३७ मध्ये पुन्हा पकडलं आणि ८ डिसेंबरला गोळ्या घातल्या. दोघांनाही निर्दोष ठरवायला १९८८ साल उजाडलं.

बायतुर्सिनुलींची लिपीही त्याच १९२९ साली बाजूला सारून लॅटिन आणली गेली आणि १९४० मध्ये रशियनची सिरिलिक लिपी. चीनच्या शिनजियांगमधले कझाक मात्र आजही बायतुर्सिनुलींच्याच लिपीत लिहितात.