कार्प शिरला की तळ्यातले बाकीचे मासे कुठे जातात?

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीत होडीच्या इंजिनाच्या आवाजाने बिथरलेले सिल्व्हर कार्प पाण्याबाहेर उसळ्या घेतात, ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत असतात. सोबत हमखास लिहिलेलं असतं, की हा राक्षसी मासा बाकीच्या माशांना फस्त करतो. हे साफ चूक आहे. सिल्व्हर कार्प पाण्यातलं सूक्ष्म प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो. सनसनाटीच्या नादात दुसऱ्याच माशाकडे दुर्लक्ष होतं. तो म्हणजे कॉमन कार्प. उड्या मारत नाही, कुणाच्या नजरेत भरत नाही, पण हौशी मासेमारांची कितीतरी तळी त्याने बिघडवली आहेत.

हा मासा आपणहून आलेला नाही. 1877 मध्ये अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगाने तो खाण्यासाठी म्हणून जर्मनीहून आणला आणि लोकांच्या मागणीवरून ठिकठिकाणी वाटला. तोही मुख्यतः शिकारी मासा नाही. मग तो वाढला की पाइक, बास, ब्लूगिल हे गळाला लागणारे मासे कमी का होतात?

उत्तर गाळात आहे. कार्प तळाचा चिखल तोंडात ओढतो, त्यातल्या अळ्या आणि किडे ठेवून घेतो आणि उरलेलं बाहेर टाकतो. या उकराउकरीत पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जातात. गाळ पाण्यात तरंगू लागला की ऊन तळापर्यंत पोहोचत नाही, आणि उरलेल्या वनस्पतीही मरतात. मुळांनी धरून ठेवलेला गाळ मोकळा होतो, मग नुसत्या वाऱ्यानेही तो ढवळला जातो. शिवाय कार्प तळातलं अन्न खाऊन विष्ठेवाटे फॉस्फरस वर पाण्यात सोडतो. त्यावर शैवाल फोफावतं, पाणी आणखी हिरवट होतं. शैवाल खाणारे डॅफ्नियासारखे बारीक जीव वनस्पतींच्या आडोशाला वाचतात. आडोसाच गेल्यावर तेही माशांच्या तोंडी पडतात. म्हणजे गढूळपणाच पुढचा गढूळपणा घडवतो. त्यामुळे उथळ तळ्याच्या दोन टिकाऊ अवस्था असतात, निवळशंख किंवा गढूळ, आणि मधल्या अवस्थेत ते फार काळ राहत नाही. हेक्टरमागे सुमारे 100 किलो कार्प झाले की वनस्पतींचा ऱ्हास सुरू होतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे.

पाइक आणि बास नजरेने शिकार करतात. गढूळ पाण्यात त्यांना भक्ष्य दिसत नाही, आणि गळाला लावलेलं आमिषही दिसत नाही. त्यांच्या पिल्लांना लपायला जागा उरत नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो ब्लूगिलचा भाग. कार्पची मोठी मादी दहा लाखांहून अधिक अंडी घालू शकते, पण तळ्यात ब्लूगिल भरपूर असतील तर ते ही अंडी आणि त्यांतून निघालेली इवली पिल्लं खाऊन टाकतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या पीटर सोरेन्सेन आणि प्रझेमिस्लाव बायर यांच्या कामातून हे पुढे आलं. उथळ डबक्यांवर हिवाळ्यात बर्फ जमून प्राणवायू संपला की ब्लूगिल मरतात. वसंतात शेजारच्या तळ्यातले कार्प नाल्यांतून तिथे येऊन अंडी घालतात, आणि ती खाणारं कुणीच नसतं. पिल्लं वाढली की मुख्य तळ्यात शिरतात. तळ्यात कार्प फार झाले, पण त्यांची पिल्लं तिथे सापडत नसतील, तर आसपासची डबकी तपासावीत.

जाळ्यांसाठीही याच गटाने युक्ती काढली. थंडीत कार्प बर्फाखाली दाट थव्याने राहतात. काही माशांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून सोडलं की ते थव्याचा पत्ता सांगतात. तिथे बर्फाखालून जाळं ओढून तळ्यातले निम्म्याहून अधिक कार्प एकाच हंगामात काढता आले आहेत.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातल्या विंग्रा तळ्यात 2005 मध्ये एक भाग भिंत घालून कार्पपासून वेगळा केला, तेव्हा आतलं पाणी स्वच्छ झालं. 2008 मध्ये तळ्यातले बरेच कार्प जाळ्याने काढल्यावर बाकीचं पाणीही निवळलं. मग पाणवनस्पती इतक्या वाढल्या, की होड्या अडकू लागल्याच्या तक्रारी आल्या. त्यातली एक वनस्पती, युरेशियन मिलफॉइल, स्वतःच बाहेरून आलेली आहे.

नुसते मासे काढून भागत नाही, कारण उरलेल्या थोड्या माद्याही पुरेशा असतात. त्यामुळे नाल्यांवर अडथळे घालतात, आणि हिवाळ्यात उथळ डबक्यांत हवा खेळती ठेवून ब्लूगिल जगवतात.