स्थलांतरित व्यापाऱ्याचा राजकारणप्रवेश (पुणे)

बाहेरून पुण्यात येऊन पेढी, दुकान किंवा हॉटेल थाटलेल्या माणसाची नगरसेवकपदापासून आमदार-मंत्रिपदापर्यंतची वाटचाल. रविवार पेठ, भवानी पेठ आणि मार्केट यार्डातले मारवाडी-गुजराती व्यापारी, फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेले सिंधी, उडुपी-मंगळूरकडचे हॉटेलवाले ही यातली ठळक मंडळी. राज्यपातळीवरचे परिचित उदाहरण मात्र मुंबईचे आहे. जोधपूरला जन्मलेले बांधकाम व्यावसायिक मंगलप्रभात लोढा १९९५ पासून मलबार हिलचे आमदार असून २०२२ मध्ये मंत्री झाले.

जन्म कुठला, हे कायदा विचारत नाही. भारतीय नागरिकत्व, २५ वर्षे पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढे विधानसभेला पुरते. त्यामुळे बिबवेवाडीत राहणारा व्यापारी कसबा या दुसऱ्या मतदारसंघातून उभा राहू शकतो. नाव मात्र राहत्या पत्त्यावरच लागते. नुसती मिळकत असून भागत नाही. गावाकडचे नाव तसेच ठेवून पुण्यात दुसरे नोंदवणे बेकायदा आहे. त्यासाठी नमुना ८ भरून नाव हलवायचे असते.

खरी अडचण धंद्यातूनच येते. राज्य सरकारला माल पुरवण्याचे किंवा सरकारी कामाचे कंत्राट छाननीच्या दिवशी चालू असेल, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ९अ खाली अर्ज बाद होतो. माल पोहोचवून झाला आहे आणि फक्त बिल निघायचे आहे, तर हरकत नाही. उधारी सरकारची, तिचा दोष उमेदवाराला लागत नाही. पुरवठा पूर्ण झाल्याचा कागद हाताशी हवा, इतकेच. महापालिकेचा नियम याहून कडक आहे. पालिकेच्या कंत्राटात भागीदारामार्फत असलेला अप्रत्यक्ष हितसंबंधही तिथे चालत नाही. भागीदारीपत्रातून नाव काढले पण नफ्यातला वाटा राहिला, तर तो हितसंबंधच.

दुसरी ठेच शपथपत्राची, म्हणजे नमुना २६ ची. त्यात स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि हिंदू अविभक्त कुटुंबाची (एचयूएफ) मालमत्ता, देणी व पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न द्यावे लागते. व्यापारी घरांत एचयूएफचे खाते वेगळे असते आणि नेमका तोच रकाना राहून जातो. रिकामी जागा चालत नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे लागते. पक्षाचे ए आणि बी फॉर्म, म्हणजे हाच आमचा उमेदवार असे कळवणारे कागद, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत, शाईच्या सहीनिशी पोहोचले पाहिजेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला १ सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला १० लागतात.

राखीव जागेवर स्थलांतर आडवे येते. पुणे कँटोन्मेंट हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, पण दुसऱ्या राज्यातला जातीचा दाखला इथे उपयोगी नाही. जात महाराष्ट्राच्या यादीत हवी आणि कुटुंबाचे इथले वास्तव्य १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. इतर मागासवर्गासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे.

विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख, अनामत १०,००० रुपये. वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त मते पडली नाहीत, तर अनामत जप्त. निवडणुकीचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते. एका व्यक्तीला सगळ्या प्रचारात मिळून १०,००० रुपयांहून जास्त रोख देता येत नाही, आणि रोखीच्या बाजारात वाढलेल्याला हेच जड जाते. घरचा टेम्पो, गोदामातले मंडपाचे सामान फुकटात धरले जात नाही. ते दरपत्रकाप्रमाणे खर्चात येते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर ३ वर्षांची अपात्रता येऊ शकते.

सुरुवात बहुधा गणेश मंडळाच्या वर्गणीतून, व्यापारी संघटनेतून किंवा बाजार समितीतून होते. समितीच्या १८ निवडून येणाऱ्या संचालकांत अडते-व्यापाऱ्यांच्या जागा अवघ्या २. मंडळाच्या अहवालात जाहिरात दिली म्हणून बूथवर बसायला कार्यकर्ते मिळतात असे नाही, हे अनेकांना मोजणीच्या दिवशी कळते. २०१७ पासून पुणे महापालिकेचे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. त्यामुळे पेठेत पत असलेला व्यापारीसुद्धा पॅनेलमधले उरलेले तिघे आणि त्यांच्या वस्त्या यांच्याशिवाय निवडून येणे कठीण.