श्वानांचे घरगुती उपचार

श्वानांचे घरगुती उपचार : स्वयंपाकघरात, परसात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी द्रव्ये वापरून कुत्र्यांच्या नेहमीच्या तक्रारींवर घरीच केले जाणारे उपाय. गोचीड, लूत, जखमा व त्यांत पडणारे किडे, हगवण, जंत, कान वाहणे आणि उन्हाचा तडाखा ह्यांसाठी ते मुख्यतः योजले जातात. प्रस्तुत नोंदीत इंदूरच्या मराठी घरांतील प्रथा डोळ्यांपुढे ठेवली आहे. कातडीवरून करायचे आणि पाणी व आहाराचे उपाय रीतसर केल्यास बहुधा उपयोगी पडतात. माणसाच्या औषधातून उचलून कुत्र्याच्या पोटात दिलेली द्रव्ये मात्र पुष्कळदा घात करतात.

पूर्वपीठिका : घोड्यांसाठी शालिहोत्राची आणि हत्तींसाठी पालकाप्याची परंपरा संस्कृतात स्वतंत्र ग्रंथांतून टिकली, कुत्र्यांच्या वाट्याला तसा प्रमाणग्रंथ आला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लासात (सु. ११२९–३१) ‘सारमेयविनोद’ हे प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला. मात्र त्या प्रकरणाचा रोख शिकारी कुत्र्यांची पारख आणि शिकार ह्यांवर आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातव्या अध्यायात पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणे आणि त्याच्या चाव्याचे विष (अलर्कविष) वर्णिले आहे. तेथे रोगी म्हणून मांडलेला आहे तो चावलेला माणूस. ह्या तुटपुंज्या साधनांवरून घरगुती श्वानोपचारांच्या उगमाविषयी दोन तर्क करता येतात : एखादी शास्त्रीय शाखा होती व ती लुप्त झाली, किंवा अशी शाखा नव्हतीच आणि माणसांची, विशेषतः बाळांची, औषधे कुत्र्यांना लावली गेली. दुसरा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. ह्या उपचारांतील वेखंड, डिकेमाली, हळकुंड, वावडिंग, सुंठ ही द्रव्ये बाळगुटीतलीच आहेत आणि त्यांचे मापही सहाणेवरचे ‘वेढे’, म्हणजे मुळी घासताना दिलेले फेरे, हेच आहे.

इंदूरमध्ये ह्या उपचारांना धार्मिक आपुलकीचीही जोड आहे. मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड. त्याचे देवालय राजवाड्यात आहे आणि कुत्रा हा खंडोबाचा सोबती. त्यामुळे चंपाषष्ठीला कुत्र्यालाही नैवेद्य घालण्याची चाल मराठी घरांत आहे. हा नैवेद्य म्हणजे बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा घातलेले वांग्याचे भरीत. कांद्याविषयी पुढे जे सांगितले आहे ते पाहता कुत्र्याचा वाटा कांदा-लसूण घालण्यापूर्वीच काढून ठेवावा. कच्चा कांदा भुरभुरलेल्या उरलेल्या पोह्यांनाही हेच लागू आहे.

मात्रा : वेढा हे माप सहाणेच्या खरखरीतपणावर, मुळीच्या जुनेपणावर आणि घासणाऱ्या हाताच्या जोरावर अवलंबून असते. तीन किलोंचे पिल्लू आणि तीस किलोंचा जर्मन शेफर्ड ह्यांना ‘दोन वेढे’ सारखेच दिले जातात, तेव्हा पिल्लाला दर किलोमागे दहापट मात्रा पोचते. म्हणून कुत्र्याचे वजन आधी करावे : त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे व त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. पोटात द्यायचे काहीही दर किलोमागेच मोजावे. गुटीतली दोन द्रव्ये तर कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. जायफळातील मिरिस्टिसिनामुळे कुत्रा भेलकांडतो, त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात व झटके येऊ शकतात. भारतीय वेखंडात बीटा-ॲसरोन मोठ्या प्रमाणात असते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्ककारक ठरले आहे.

लसूण व कांदा : गोचीड पळावेत, जंत पडावेत म्हणून पोळीत लसणाची पाकळी घालून देणे हा बहुधा सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक वादग्रस्त उपाय होय. कांदा व लसूण ह्यांतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनाचे ऑक्सिडीकरण करतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनाचे गोळे (हाइन्झ पिंड) पेशीत साचतात आणि अशा पेशी प्लीहेत मोडल्या जातात. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. कांद्याच्या बाबतीत दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम एवढ्या प्रमाणात रक्तावर लक्षणीय परिणाम दिसतात. म्हणजे दहा किलोंच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, अदमासे दोन मध्यम कांदे, पुरेसे होतात. लसणाविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात दर किलोमागे ५ ग्रॅम लसणाएवढा अर्क सात दिवस दिला गेला. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटली व पेशींचा आकार बिघडला, पण उघड रक्तक्षय झाला नाही. लसणाचे समर्थक ह्याच निष्कर्षाचा आधार घेतात : दहा किलोंच्या कुत्र्याला ही मात्रा रोज ५० ग्रॅम, म्हणजे दहाबारा पाकळ्या होते, एका पाकळीने काय होणार? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. रोज थोडे थोडे दिल्यास होणारी हानी साचत जाते आणि अकिता, शिबा ह्यांसारख्या जपानी जातींचे रक्त अधिक संवेदनशील असते. मुख्य म्हणजे लसणाने गोचीड घटतात असा भरवशाचा पुरावा नाही. लाभ अनिश्चित आणि अपाय ठाऊक असताना लसूण न देणेच योग्य. चुकून मोठी मात्रा गेल्यास लक्षणे बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतात : फिकट हिरड्या, धाप, तांबूस-तपकिरी लघवी. मधल्या दिवसांत कुत्रा ठीक दिसतो, म्हणून प्रकरण उशिरा लक्षात येते.

गोचीड : माळव्यात घरच्या कुत्र्यांवर आढळतो तो बहुधा तपकिरी गोचीड. त्याची अळी, बालक आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्था रक्त पिऊन खाली उतरतात आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, छताच्या कडेला दडतात. टम्म फुगलेली मादी अशाच जागी हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याला न्हाऊ घालून गोचीड जात नाहीत. जुन्या वाड्यांच्या विटा-चुन्याच्या भिंतींत तर ते पिढ्यान् पिढ्या नांदतात. फटी बुजवणे, अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढणे आणि हे किमान दोन महिने चालू ठेवणे हाच उपायाचा मोठा भाग आहे.

अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत, तोंडाजवळ धरून, न पिळता सरळ एका जोराने ओढावा आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावा. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी लावू नये : डिवचलेला गोचीड पोटातले द्रव चाव्यात ओकतो आणि रोगजंतू आत जातात. बोटांनी चिरडूही नये. कडुलिंबाचा काढा करताना दोन मुठी ताजा पाला दोन लिटर पाण्यात निम्मे पाणी उरेपर्यंत उकळावा, गार करून गाळावा आणि न्हाणे झाल्यावर अंगावर ओतून तसाच वाळू द्यावा. निंबोळी तेल नुसते कधीही लावू नये. एक चमचा तेल दहा चमचे खोबरेलात मिसळून लावावे. अर्धा-पाऊण तास कुत्र्याला चाटू न देता मग अंग धुवावे, कारण हे तेल पोटात गेल्यास विषारी ठरते. कडुलिंबातील ॲझाडिरॅक्टिन हे कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. त्याचा परिणाम सावकाश होतो व चिकटलेला प्रौढ गोचीड लगेच मरत नाही. म्हणूनच चार दिवसांत ‘लिंबाने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. कापूर मात्र टाळावा. तो कातडीतूनही शोषला जातो आणि झटके आणतो. गोचीड असलेल्या कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला किंवा नाकातून रक्त आले तर एर्लिकिया अथवा बबेशिया ह्या गोचिडांतून येणाऱ्या रोगजंतूंची शंका घ्यावी. तेथे घरगुती उपाय नाही, रक्ततपासणी लागते.

लूत : तीव्र खाज, कानांच्या कडांवर व कोपरांवर खपल्या आणि घरातल्या माणसांनाही खाज ही सार्कोप्टीस किड्याच्या लुतीची खूण. खाज बेताची, पण डोळ्यांभोवती व पायांवर केस गेलेले असतील तर ती बहुधा डेमोडेक्स किड्याची असते. तिच्यावर पुढील उपाय फारसा चालत नाही. पाच ग्रॅम शुद्ध गंधकाची वस्त्रगाळ पूड शंभर ग्रॅम कोमट खोबरेलात किंवा करंजतेलात घोटावी. खपल्या कोमट पाण्याने भिजवून काढाव्यात आणि अंगाचा एक तृतीयांश भाग रोज, असे तीन दिवसांत सर्वांग लेपावे. गळ्यात पुठ्ठ्याचे नरसाळे बांधावे, म्हणजे कुत्रा चाटणार नाही. किड्याचे जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने हा क्रम चार ते सहा आठवडे चालवावा लागतो. आठवड्यात खाज कमी होते, उपचार थांबतो आणि महिन्याभरात लूत परतते. अपयशाचे हे नेहमीचे कारण. गॅरेजमधले जळके ऑइल लावण्याची चाल वाईट आहे : त्यातील जड धातू व खनिज तेले कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातात आणि यकृत व मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

जखमा व किडे : साध्या खरचटण्यावर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुवावी. त्यावर एक चमचा हळद व तीन चमचे खोबरेल ह्यांचा लेप लावावा. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असते, म्हणून हळकुंड दळून घ्यावे. कुत्र्यांच्या भांडणातल्या दातांच्या जखमेवर असा लेप घालू नये. वरून भोक लहान असते, आत मांस फाटलेले असते, तोंड बंद झाले की पू कोंडतो.

पावसाळ्यात कानाची कड, शेपटीचे मूळ व बोटांच्या बेचक्या येथे माश्या अंडी घालतात आणि जखमेत किडे पडतात. भोवतालचे केस कापावेत. टर्पेंटाइनचे चार-पाच थेंब घातलेला बोळा जखमेच्या तोंडाशी मिनिटभर धरावा, आत ओतू नये. किड्यांची श्वासछिद्रे मागच्या टोकाला असल्याने हवेसाठी ते वर येतात. तेव्हा चिमट्याने एकेक काढावा. मीठपाण्याने धुवून पुन्हा बोळा धरावा व एकही किडा दिसेनासा होईपर्यंत हे करावे, कारण आत मेलेले किडे कुजतात. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. कडेने डिकेमालीचा लेप दिल्यास माश्या बसत नाहीत. सीताफळाचा पाला वाटून बांधण्याची चालही जुनी आहे. त्याच्या बियांची पूड मात्र डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते, म्हणून चेहऱ्याजवळ वापरू नये. जखमेत फिनाइल ओतणे हे क्रौर्य आहे आणि धोकादायकही, कारण उघड्या मांसातून फिनॉल वेगाने शोषले जाते. जखम बोटाच्या पेरापेक्षा खोल किंवा डोळ्याजवळ असल्यास डॉक्टरांकडेच न्यावे. इंदूरकरांना महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

हगवण : प्रौढ व तरतरीत कुत्र्याला बारा तास अन्न देऊ नये, पाणी मात्र ठेवावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून दहा किलोंच्या कुत्र्याला दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे चाटू द्यावे. बळजबरीने घशात ओतल्यास पाणी फुप्फुसात जाते. त्यानंतर दोन भाग मऊ भात व एक भाग बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, किंवा शाकाहारी घरात भात आणि घट्ट दही, नेहमीच्या निम्म्या प्रमाणात चार वेळा विभागून द्यावे. नीमच-मंदसोरकडचे इसबगोल इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळते. एक चमचा इसबगोल अर्धी वाटी पाण्यात पूर्ण फुगवून भातात कालवावे. कोरडे दिल्यास ते घशात किंवा आतड्यात अडकते. दूध-पोळी बंद ठेवावी. लस न टोचलेल्या पिल्लाला ओकाऱ्या व रक्ताची हगवण झाल्यास तो पार्वो हा विषाणुजन्य रोग समजावा आणि त्याच तासाला दवाखाना गाठावा. भात-दह्यात गेलेला एक दिवस पुष्कळदा जिवावर बेततो.

जंत : वावडिंग, पळसपापडी व कपिला ही परंपरेतील द्रव्ये; कुत्र्यांसाठी त्यांची निश्चित मात्रा ठरलेली नाही. सुपारीची गोष्ट वेगळी. तिच्या पुडीने कुत्र्याचे पट्टकृमी पडतात हे खरे आहे आणि तिच्यातील ॲरेकोलीन विसाव्या शतकात पाश्चात्त्य पशुवैद्यकातही वापरले जाई. परंतु औषधी व विषारी मात्रेत अंतर थोडे. लाळ गळणे, ओकाऱ्या व कोसळणे हे परिणाम नेहमीचेच होते. १९७० च्या दशकात प्राझिक्वांटेल हे जंतनाशक आल्यावर सुपारी मागे पडली, ते योग्यच झाले. शौचाभोवती तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास पिसवांचाही बंदोबस्त करावा, कारण हा पट्टकृमी पिसू गिळल्यानेच होतो.

उन्हाचा तडाखा : कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. मे महिन्यात जोराची धाप, गडद लाल हिरड्या व झोकांड्या दिसताच सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे व पंखा लावावा. तापमान १०३ अंशांवर आले की ओतणे थांबवावे, अन्यथा ते फार खाली जाते. ओला टॉवेल पांघरून ठेवल्यास उष्णता कोंडते.

इतर : कान वाहत असल्यास कोमट तेल घालू नये, यीस्ट व जिवाणू त्यात फोफावतात आणि पडदा फाटलेला असल्यास तेल मध्यकर्णात उतरते. पातळ मीठपाण्याने डोळ्यांची चिपडे पुसता येतात. विष खाल्ल्यावर ओकारीसाठी मीठपाणी पाजणे घातक आहे, कारण रक्तातील सोडियम वाढून मेंदूला सूज येते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात.

अनोळखी कुत्र्याने चावा घेतल्यास मिरची किंवा चुना भरण्याची जुनी रीत माणसांप्रमाणे पाळीव कुत्र्यांवरही चालते. तिचा रेबीजवर काहीही परिणाम होत नाही, उलट जखम भाजते. हातमोजे घालून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतल्यास विषाणूचे मेदाचे आवरण नष्ट होते. त्यानंतर, आधी लस टोचलेली असली तरी, कुत्र्याला त्याच दिवशी पुन्हा टोचून घ्यावी.